नाकातले पहारेकरी

३ मार्च
आज दोघांनी करोनाच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये नाव घातलं. नाकात मारायचा स्प्रे. डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून पहारेकरी असतात. स्प्रे त्यांना आधीच जागं करतो, मग विषाणू दारातच अडतो. सुंदर कल्पना. यावर शार्दूलविक्रीडितात कविता करणार. हिला सांगितलं. म्हणाली, तुमच्या नाकावर राग बसलेला असतो, पहारेकरी कुठे उभे राहणार?

४ मार्च
निम्म्यांच्या बाटलीत औषध, निम्म्यांच्या नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मला पहिल्याच फवाऱ्यात कळलं. नाक झणझणलं, डोळ्यांत पाणी. औषधच. हिला विचारलं, झोंबलं का? छे, म्हणाली. म्हणजे हिच्या नशिबी पाणी.

७ मार्च
चैन नाही. हिची छाती नाजूक. जिन्यात मध्येच थांबते आणि म्हणते, पुढे व्हा, मी भिंत बघतेय. माझी छाती दणकट. शाळेत शिकवताना मी कविता म्हणायचो ती शेजारच्या वर्गात ऐकू जायची. पहारेकरी हवेत ते हिला.

८ मार्च, सकाळी
ही अंघोळीला गेली तेवढ्यात बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या वाफेवर सोडवल्या आणि बदलून लावल्या. नियमात बसत नाही. वृत्तात बसेल.

८ मार्च, रात्री
ही म्हणाली, आज मेलं फार झोंबलं. मनात म्हटलं, जागे झाले.

२ एप्रिल
बहिणीच्या नातीचा वाढदिवस. ही गर्दीत जायला नको म्हणत होती. मी आग्रहच केला: तुझी बाटली चांगली आहे, खुशाल जा. म्हणाली, बाटल्यांतलं तुम्हाला काय कळतं, दुधाची पिशवी फोडता येत नाही. पण गेली. हिरवी साडी नेसून.

७ एप्रिल
हिला ताप. ताप म्हणजे पहारेकऱ्यांचा नगारा. काळजी नाही.

१० एप्रिल
हॉस्पिटलमध्ये ठेवली. आत सोडत नाहीत. फोनवर म्हणाली, गॅस बंद करा, विसरता तुम्ही. म्हटलं, केव्हाच केलाय. (बघून आलो. चालू होता.)

१४ एप्रिल
फोनवर बोलवत नाही तिला. मीच कविता म्हणून दाखवल्या. शाळेतल्या. माझी अजून एकाच ओळीची आहे.

२० एप्रिल
काल गेली.

६ मे
डॉक्टरबाईंचा फोन. कोणी दगावलं की त्याला काय दिलं होतं त्याचं बंद पाकीट उघडून बघावं लागतं म्हणे. हिच्या नावाला औषधाची बाटली दिली होती. मी म्हटलं, पण हिला तर आधी झोंबतही नव्हतं. म्हणाल्या, औषध झोंबत नाही आजोबा, झोंबतं ते मिठाचं पाणी. मग हळूच विचारलं, वापरताना काही वेगळं घडलं होतं का?
नाही म्हटलं.

७ मे
त्या आता लिहिणार, औषध घेऊनही बाई गेली. औषधाला उगाच बोल. उद्या फोन करून खरं सांगायचं. नक्की.

८ मे
फोन लागला नाही. (लावला नाही.) उद्या.

९ मे
तिच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला. तेलाचा वास अजून आहे, अगदी स्पष्ट येतो. सर्दी नाही, खोकला नाही, नाक ठणठणीत. अभ्रा परत घातला.
औषध चांगलं आहे.