टटलच्या घोड्यावरचा डाग

येशूचे व मारियामातेचे स्मरण करून मी, लुडमिला, चित्रकार मातोश हावलेना यांची विधवा, राहणार बेअर क्रीक, मोंटाना, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे तेवढे कामातून गेले. लिही म्हणून कोणी बळजबरी केलेली नाही. लिहू नको म्हणून माझ्या मुलाने, योसेफने केली, ती धरत नाही.

१. मोराव्हियाहून बोटीने आणलेली पिसांची रजई, शिवणयंत्र व तळघरातला मुरंबा मुलगी अनेझ्का हिला. रिकाम्या बरण्या फेकू नयेत.

२. यांचे कुंचले व खोगीर योसेफला. हात बापाचाच आहे. जीभ कोणाची, देव जाणे.

३. राहते घरही योसेफला, पण पुढचे कलम पाळले तरच.

४. टटलच्या घोड्याचे मोठे चित्र. हे उन्हाळाभर कुरणे हिंडून काचेवर फोटो घेत आणि हिवाळ्यात चुलीपाशी बसून त्यावरून रंगवत. शेजारी ऑरिन टटल यांच्या घोड्याची काच यांनी चित्र काढताना उलटी धरली. डाव्या मांडीवर तापल्या लोखंडाने उठवलेला मालकीचा त्रिकोणी डाग चित्रात उजवीकडे गेला. इथे डावा त्रिकोण टटलचा, उजवा बड्या कुरणवाल्यांचा. चित्र हॉटेलात लागले तोवर घोडा मेलेला, दाखवणार काय?

"हावलेना केसन् केस खरा काढतो," लोक म्हणाले. "म्हणजे घोडा चोरीचाच."

हे हॉटेलात जाऊन सांगू लागले, "अहो, चूक माझी आहे. काच उलटी होती."

"शेजाऱ्यावर पांघरूण घालतोय. मनाचा चांगला आहे हो हा परदेशी."

टटलना बायकोमुलीसह गाव सोडावे लागले. परमुलखात बीटाच्या शेतावर राबता राबता ते वारले. हॉटेलवाल्याने यांना डाग पुसू दिला नाही; गिऱ्हाईक तेच बघायला येई. हे पुन्हा घोड्याच्या वाटेला गेले नाहीत. मरेपर्यंत लोकांची कोठारे व कुंपणे रंगवली.

यांच्या मागे हॉटेल बंद पडले, चित्र माझ्याकडे आले. योसेफ म्हणतो, "आई, डाग पुसला तर उरतो नुसता घोडा. चित्र विकत मागणाऱ्या शहरातल्या माणसाला चोरीचा घोडा हवाय."

"चोरीचा नव्हता तो."

"ते त्याला कशाला सांगायचं?"

म्हणून लिहिते: मी गेल्यावर माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये पहिली मिस्सा होण्याआधी योसेफने स्वतःच्या हाताने तो डाग पुसावा. चित्र रविवारी चर्चच्या दारात सर्वांसमोर ठेवावे, मग टटलची मुलगी मेबल हिला द्यावे. तिने भिंतीला लावावे की चुलीत घालावे, तिचे ती बघेल. योसेफने न केल्यास घर चर्चचे, आणि चित्र तरीही मेबलचेच.

बेअर क्रीक, १४ ऑक्टोबर १९३३
सही: लुडमिला हावलेना

साक्षीदार:

हिल्डा ब्रॅक, शेजारीण. सही केली.

वॉल्टर प्रिंगल, पूर्वी जनावरांचे डाग तपासणारे. हॉटेलात "चोरीचा" हा शब्द प्रथम यांनी काढला, म्हणून मुद्दाम यांनाच बोलावले. वाचून म्हणाले, "हावलेनाबाई, हे माझ्या नावापुढे कायमचं राहणार?" मी हो म्हटले. त्यांनी लेखणी उचलली. मग म्हणाले, "याची एक प्रत मेबलला आत्ताच पाठवा. तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची?"

सही: वॉल्टर प्रिंगल