लाल गाडीची बढाई

औराद, मंगळवार, दिवेलागण

बाजारात मीच बढाई मारली होती. मालकांची लाल गाडी विलायतेहून बोटीनं आली, तिकडं शर्यतीत पळालेली, सहा सिलिंडर, तासाला ऐंशी मैल. वर हे बी, की माझ्या हाताशिवाय ती सुरूच होत न्हाई. कामून बोललो?

मालक परवाच सोलापूरला गेले. आज बंदूकवाले माझेच आकडे घोकत गाडी न्यायला दारात आले. इंजनातला रोटर मी आधीच काढून जवारीच्या कणगीत लपवलाय. त्याबिगर गाडी चालू होईना, तसा त्यांचा म्होरक्या हसला, "ड्रायव्हर, कल सुबू आते. तू बी चल."

माझी थोरली अक्का म्हणायलीय, "उद्या सकाळी आले की रोटर देऊन टाक, जीव वाचंल."

देईन. पण माझा हात कोणत्या कणगीत लपवू?