पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत

३ मार्च, सकाळ
आला! फोन आला! आजवर डॉक्टर झालो, न्यायाधीश झालो, नायिकेचा काका तर कितीदा झालो. आता हे! दिग्दर्शक म्हणाला, काका, पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत तुम्ही पडद्यावर. घरातला कर्ता माणूस. तुमच्याकडे बघूनच सगळं घर निर्णय घेतं. म्हणजे लीडच की! बनियनवरच गच्चीत दोन चकरा मारून आलो.

३ मार्च, दुपार
जावईबापूंना कळवलं. माझा प्रत्येक सिनेमा बघून ते विचारतात, बाबा, तुम्ही नेमके कुठे होता? आता बघा म्हणावं डोळे फाडून.

५ मार्च
संवाद नाहीत म्हणे. सगळा अभिनय नजरेत. उत्तम! बोलतं काय, कुणीही. आजपासून गोड बंद. रोज आरशासमोर तासभर नजर.

६ मार्च
शेजाऱ्यांनी केक पाठवला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. नजरेचा सराव जोरात. बायकोने विचारलं, डोळ्यांत थेंब घालू का?

८ मार्च
आत्मचरित्र लिहायला घेतलं. पहिलं प्रकरण, माझा पहिला क्लोजअप. तिथेच अडलो. तो अजून व्हायचाय.

९ मार्च
शूटिंग एकाच दिवसाचं. बायकोला शंका, अख्खा सिनेमा एका दिवसात कसा उरकणार? तिला काय कळणार, वन टेक माणूस आहे मी! कोट आणि टाय आणायला सांगितलंय. पँट कुठलीही चालेल म्हणे. म्हणजे क्लोजअपच क्लोजअप!

१२ मार्च, संध्याकाळ
झालं शूटिंग. स्टुलावर बसवलं. समोर कॅमेरा, पण फोटोचा. कर्ता माणूस सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलाय. मी म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरची तसबीर.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी काम जीव ओतून केलं. उजव्या डोळ्यात माया, डाव्यात दरारा. फोटोग्राफर म्हणाला, काका, हललात. रिटेक घ्यावा लागला.

१३ मार्च
जावईबापूंना फोटो पाठवला. म्हणाले, बाबा, या वेळी नक्की सापडाल.
बायको मात्र फोटोकडे बघतच राहिली. बघता बघता तिचे डोळे भरून आले. म्हटलं, शेवटी हिला तरी कला कळली. नाक पुसत म्हणाली, छान आलाय हो. एक मोठी कॉपी मागून ठेवा, आज ना उद्या लागेलच.