इंजिनाच्या घशातलं सोनं

नाशिक, कार्तिक शुद्ध पंचमी

वडीलबंधूसमान हारुनभाई फिटर, मुक्काम नांदगाव, यांस देवरामचा सलाम आणि सलामामागून रामराम. (दोन्ही घ्या. पत्राच्या शेवटी काही मागणे असणार, असा संशय तुम्हाला पहिल्याच ओळीला येईल. तो मी शेवटपर्यंत नाकारणार आहे.) आपला गुडघा कसा आहे? रोशनबी वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत, म्हणजे सावित्री खुशाल आहे आणि माझ्या उजव्या पोटरीवर कोहळ्याच्या फोडीएवढा पोळल्याचा डाग आहे. त्या डागाची हकिकत कळवण्यासाठीच हे पत्र.

श्रावणात मी आपल्याला मोठ्या ऐटीत कळवले होते, की विलायतेस परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून मी सायकलला जोडायचे लहानसे इंजिन घेतले आहे, आणि त्याचा वेग वाढवायला काय काय लावावे? आपले उलट कार्ड आले. त्यावर एवढेच होते: "उघडा, पुसा, मिटा. बाहेरून काही लावू नका." त्यावर मी लिहिले, की फिटरने आगगाडी सांभाळावी, नव्या युगाच्या यंत्रांत लुडबुड करू नये. हारुनभाई, कचेरीसमोरच्या झाडाखाली बसून वीस वर्षे मी लोकांचे माफीचे अर्ज लिहितो आहे. "अर्जदार अज्ञ असून" हे शब्द मी झोपेतही लिहीन. पण आज अर्जदार मी स्वतः आहे, आणि टाक पुढे सरकत नाही. सबब, अर्जदार अज्ञ आहे असे समजावे.

आता मला वेगाची एवढी निकड का होती ते सांगतो. सावळघाटापलीकडच्या पेठ गावी माझी थोरली बहीण असते, चिमणाक्का. आईच्या माघारी तिनेच मला वाढवले. भाऊबिजेला मला ओवाळल्याशिवाय ती पाण्याखेरीज काही घेत नाही. गेल्या वर्षी मी सर्व्हिस मोटारीने निघालो. म्हणजे मोटारीत बसलो. ती भरेपर्यंत दहा वाजले आणि भरल्यावर ड्रायव्हर दिसेना. चौकशी केली तर तो पंचवटीत स्वतःच्या बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेला होता! (त्याला बोल तरी कसा लावणार? भाऊ म्हणून माणूस नेक होता.) तो श्रीखंड खाऊन तिथेच लवंडला आणि मी पेठेला गेलोच नाही. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते हे आपल्याला ठाऊक असेलच. अक्काने चंद्राला ओवाळले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पेठेने तिला विचारले, की देवराम कधी गेला, आणि कशाने गेला. या वर्षी दसऱ्याआधी तिचे पत्र आले: "आलास तर तुला, नाहीतर चंद्राला. आणि मग कायमचं त्यालाच." ही बाई बोलते ते करते. बीजेचा चंद्र सूर्यामागून तासाभरात बुडतो, तेव्हा तेवढीच माझी मुदत होती.

इंजिन आधी बरे चालत होते. पायडल मारून चालू करायचे, मग ते आपले आपण फुरफुरत सपाटीवर घोड्याच्या दुडक्या चालीने जाई. दसऱ्याला त्याची यथासांग पूजा झाली, हळदकुंकू, झेंडूची माळ, अक्षता, आपट्याचे सोने. (पूजा सावित्रीने केली.) आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला धाप लागू लागली. फर्लांगभर जाई आणि खोकून बंद पडे. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग मुंबईच्या एका कंपनीचे सचित्र सूचिपत्र मागवले, आणि तिथे माझी मती फिरली.

प्रथम पेट्रोलात टाकायच्या शक्तिवर्धक गोळ्या आल्या. त्यांनी इंजिनाची शक्ती वाढली नाही, मात्र धुराला देवघराचा वास येऊ लागला. (एक चाखून पाहिली. कापूर.) नंतर ठिणगी पाडायचा काचेचा प्लग आला. यातून आतली ठिणगी डोळ्यांनी दिसते अशी जाहिरात होती आणि ती अक्षरशः खरी होती, कारण ती बघायला वाकलो आणि पेठ नाक्याच्या गटारात गेलो. मग हवा गाळून देणारी जाळी. ती मी इंजिनाच्या श्वास घ्यायच्या तोंडावर तारेने अशी करकचून आवळली, की डास आत जाईना. शेवटी धूर ओढून काढणारी पितळी तुतारी. ती मागे लावली मात्र, अहो काय तो नाद! गल्लीतल्या दोन म्हशींनी दूध चोरले. वेग होता तेवढाच राहिला. खरे सांगायचे तर कमीच झाला, पण आवाज ऐकून वाटे की आपण केवढे धावतो आहोत!

भाऊबिजेला पहाटे निघालो. मागे अक्काची चोळी-लुगडे फडक्यात बांधलेले. चौतीस मैलांचा रस्ता, दुपारी जेवायला पेठेत, असा हिशेब. उमराळ्यापर्यंत सात वेळा बंद पडले. दर वेळी एक गोळी टाकली. सावळघाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा दुपार कलली होती, आणि माझ्या पुढे मागे एक म्हातारी नागलीची पाटी डोक्यावर घेऊन चालत होती. लंकाबाई तिचे नाव. मी तुतारीच्या गर्जनेत तिला मागे टाकी, पुढच्या वळणावर बंद पडे आणि ती न हसता मला ओलांडून जाई. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी उतरताना पोटरी तुतारीला टेकली आणि मी रस्त्यात बसून रडलो. होय, रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, पण उन्हे उतरताना दिसत होती.

लंकाबाईने पाटी खाली ठेवली. इंजिनापाशी उकिडवी बसली, नाकाशी धरावा तसा पालथा हात त्या जाळीसमोर धरला आणि म्हणाली, "दादा, हा श्वासच घेत नाय. वासराच्या घशात कणीस अडकलं का असंच करतं." मी तिला जाळीचे शास्त्र समजावू लागलो. तिने दातांनी तार उलगडली, जाळी झाडीत भिरकावली आणि त्या तोंडात सरळ बोट घातले. हारुनभाई, आतून काय निघाले असेल? आपट्याचे पान! दसऱ्याचे सोने, कुंकवासकट, वर चार अक्षता चिकटलेल्या. यंत्राच्या मुखी सोने घालायचे म्हणून ठेवलेले, ते त्याने गिळले होते. मी पान टोपीत ठेवले, पायडल मारले आणि इंजिन श्रावणात चालत होते तसे चालू लागले. तेवढेच, जास्त नाही. चढाला ढकलावेच लागले आणि मागून लंकाबाईने हात लावला.

पेठेत शिरलो तेव्हा सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. मी मुद्दाम वर पाहिले नाही. अक्काच्या अंगणात वळलो आणि मग पाहिले, तर डोंगरावर चंद्र नव्हता. गेला होता. अक्का तबक घेऊन अंगणातच उभी होती. मी म्हटले, अक्का, ओवाळलंस ना त्याला? ती म्हणाली, "एक फेरी घेतली. मग शेवटच्या चढावर तो बोंबलणारा आवाज ऐकला. म्हटलं, इतका गोंधळ घालत येणारा आमचाच असणार. हात आवरला." चंद्र तिच्या डोळ्यांदेखत बुडाला आणि तिने बुडू दिला. मी वाटेत पुन्हा बंद पडलो असतो तर तिला चंद्रही नव्हता आणि भाऊही नव्हता. निरांजनात तिने दोनदा तूप घातले होते. मग मला ओवाळले. लुगडे सोडून पाहिले तर तुतारीने त्यावर काळे तेल शिंपडलेले. तबकात घालायला माझ्याजवळ धड काही राहिले नव्हते, म्हणून टोपीतले पान घातले. तीन आठवड्यांचे शिळे सोने. ते तिने देव्हाऱ्यात ठेवले आणि मला म्हणाली, "हात धू, पानं वाढते."

तर सारांश असा, की आपले कार्ड अक्षरन् अक्षर खरे होते. बाहेरून लावलेल्या स्वस्त वस्तूंनी इंजिन सुधारत नाही. कळावे, गुडघ्याला जपावे. रोशनबी वहिनींना माझा व सावित्रीचा सलाम.

आपला अज्ञ अर्जदार,
देवराम

ता. क. पूजा सावित्रीने केली असे वर लिहिले आहे. पूजा मी केली. पानही मीच ठेवले, आणि चांगले आत सारले.

ता. क. दुसरा. परवा घरी येऊन मी सावित्रीला सगळे रंगवून सांगितले, की बाईमाणसाने भाऊ असताना चंद्राला ओवाळायचे म्हणजे काय यातना! ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठाऊक आहे." मागच्या दारी कोनाड्यात तिचे तबक होते, वात विझलेली, तोंड मावळतीला. चार वर्षांपूर्वी तिचा भाऊ चंदर कळवणहून भाऊबिजेला निघाला, बैलगाडीचा आस मोडला, उरलेली वाट पायी तुडवत तो दोन दिवस उशिरा पोहोचला. आणि मी दारात, चार लोकांत हसून म्हणालो, "भाऊबीज आटोपली, आता तुळशीच्या लग्नालाच ये." तो पाणीही न पिता परत फिरला आणि पुन्हा आला नाही. चार वर्षे ती माझ्या घरात चंद्राला ओवाळते आहे, हारुनभाई. मला वाटे, बाई भाविक आहे.

ता. क. तिसरा. तर मागणे आहे. गुडघा परवानगी देईल तेव्हा एकदा या. इंजिन उघडा, पुसा, मिटा. काचेचा प्लग काढून साधा बसवा, गोळ्या नदीत टाका. मग ती सायकल आपण दोघे कळवणला चंदरच्या दारी नेऊन त्यालाच देऊ. त्याला चालवायला तुम्ही शिकवा. माफीचे मी बोलेन, त्याचा मसुदा तयार आहे. मी पुढच्या वर्षी पेठेला आदल्या दिवशीच चालू लागेन.

तुतारी मात्र काढू नका. चंदर नाक्यापाशी आला की सावित्रीला घरात ऐकू आले पाहिजे.