शिसं बसत नाही

४ मार्च
शिसं बसत नाही! कार्बन बसतो, तांबं बसतं. पण प्रोटॉन शिशाच्या अणुकेंद्रावर आदळला की माझ्या मॉडेलमधून मोजमापापेक्षा तीस टक्के कमी पायॉन, म्हणजे त्या धडकेतून जन्मणारे कण, बाहेर पडतात. बाकीचे केंद्रातच गिळले जातात. मोजलेले बिंदू वर, माझी रेषा खाली, मधे बोटभर जागा. त्या बोटभर जागेत माझी सहा वर्षं गेली.

मोजमाप माझ्या मार्गदर्शक सरांचंच, त्यांच्या स्वतःच्या पीएचडीतलं. सगळं जग तेच वापरतं. रेषा त्या बिंदूंतून गेल्याशिवाय माझ्या प्रबंधावर सही नाही म्हणाले. एकतीसला माझी पीएचडीची नोंदणी संपते.

६ मार्च
आईनं आजही विचारलं, बसलं का गं तुझं शिसं? शेजारणीला वाटतं मी प्लंबिंग शिकते.

९ मार्च
सर म्हणतात, गिळण्याचं प्रमाण कमी कर. मी म्हटलं, तो आकडा दुसऱ्या प्रयोगातून आलाय, माझ्या मनचा नाही. सर चष्मा पुसायला लागले. म्हणजे विषय संपला.

१२ मार्च
केलं कमी. शिसं बसलं — कार्बन उठला. सर म्हणाले, कार्बन परिशिष्टात टाक.

घरी येऊन रडले. मग जेवले.

१३ मार्च
सगळं पूर्ववत केलं.

१७ मार्च
सरांचा मूळ प्रबंध ग्रंथालयातून काढला. आतापर्यंत सगळ्यांनी त्यांचा छापील लेखच वाचलाय, मीसुद्धा. ग्रंथपालबाईंनी आधी धूळ झटकली, मग माझ्याकडे संशयानं पाहिलं.

शेवटच्या पानांत कच्ची मोजणी आहे. तिच्यापुढे ‘दुरुस्ती’ — फक्त शिशाचे आकडे एक पूर्णांक चार दशांशानं गुणलेत. का, ते कुठेच नाही. न गुणलेले आकडे माझ्या जुन्या रेषेवर टाकून पाहिले. एकूण एक बसले!

१८ मार्च
सांगितलं तर सही गेली. नाही सांगितलं तर हे खोटं शिसं उद्या माझ्याही नावावर. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जायचं तर खाऊन जा.

१९ मार्च
सरांचा तो प्रबंध त्यांच्याच टेबलावर उघडला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग म्हणाले, "माझे बिंदू माझ्या सरांच्या रेषेवर बसत नव्हते. आणि ते सही देत नव्हते."