बिल्ड पास, काटा बंद

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं आपलं मशीन हँग होतंय. ऊस भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा, पण आकडा उमटत नाही. दोष कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटातल्या मूळ सिस्टीममध्ये. नव्या कर्नलमध्ये त्याची दुरुस्ती झालीय. ती आपल्या जुन्यात आणून बसवायची, बस. कोडच्या चार ओळी. उद्या दुपारपर्यंत उरकतो.
शिवकन्या मॅडमनी तेच काम मोहिनीलाही दिलं. कावून? गेवराईहून ये-जा करणारी नवी पोरगी. मी बीड ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. मनात काही नाही. सहज लिहिलं.

४ नोव्हेंबर
बिल्ड फेल. कोडवरून चालता प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर म्हणतो, दुरुस्तीत बोलावलेलं हे फंक्शन माझ्या ओळखीचं नाही. कंपायलरच बिघडलाय. बदलला. आता एररनी स्क्रीन भरली. म्हणजे नवा जास्त बारकाईनं बघतो. प्रगती.
मोहिनी म्हणाली, "सर, ते फंक्शन आपल्या जुन्या कर्नलमध्ये हाय का, बघायचं का?"
म्हटलं, तू तुझं बघ.
मॅडमनी तिला चहा विचारला. मला नाही. बरंच झालं, ॲसिडिटी आहे.

५ नोव्हेंबर
जुना कंपायलर परत आणला. मग युक्ती केली: फंक्शनचं नाव वरच जाहीर करून टाकलं. कंपायलर गप्प! पण शेवटी सगळे तुकडे जोडताना गाडी अडली. नाव आहे, फंक्शन कुठाय?
मोहिनी दिवसभर कर्नलमधल्या बदलांचा इतिहास वाचत बसलेली. काम सोडून वाचन! हसू आलं. पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्या खुर्चीमागून लई वेळा गेलो. फार पाणी झालं.

६ नोव्हेंबर
फंक्शन मीच लिहिलं. आत काहीच नाही, रिकामं. बिल्ड पास!! पेढे वाटले. मोहिनीलाही दिला, मोठ्या मनानं. छोटा बघून.
मॅडमनी विचारलं, मशीनवर चालवून बघितलं का? म्हटलं, पास म्हणजे पास. कारखान्यावर पाठवून दिलं.

७ नोव्हेंबर
काटा पार बंद. आधी निदान अधूनमधून चालायचा. ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. मुंजाजी म्हणून एका ड्रायव्हरचा फोन: "सायेब, ऊस वाळून चाललाय. टोळी फडात खोळंबली, बायामाणसं उन्हात बसलीत. तुमीच येऊन काट्यावर उभं ऱ्हावा, तुमचं तरी वजन दिसतंय का बघू."
म्हटलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. मॅडमना कळवलं.
दुपारी मोहिनीचं बिल्ड चढवलं. ते फंक्शन नव्या कर्नलमध्ये आधीच्या एका बदलातून आलेलं म्हणे. तिनं आधी तो बदल आणला, मग दुरुस्ती. काटा चालू. रांग हलली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. एक.
काहींचं नशीबच जोरात असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
मोहिनीच्या बदलाच्या नोंदीत माझं नाव! 'दुरुस्ती: मोहिनी. बिघाड कळवला: बिभीषण.' शेवटी माझ्याशिवाय झालं नाहीच. लगेच व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं. बायकोलाही दाखवलं.
सुनितानं दोनदा वाचलं. "म्हंजी दुरुस्ती तिनं केली आन तक्रार तुमी?"
म्हटलं, तसं नसतं ते, टेक्निकल असतं.
"आसंल," म्हणाली. "तक्रारीत तुमचा हात कोण धरणार."
स्टेटस काढलं.