आतोबांनी बसवलेला क्लच

अयोध्या नगर, भोपाळ
६ फेब्रुवारी

ती. शशिकला आत्या,

शमिकाचा नमस्कार. तुझा दमा आणि इंदूरची थंडी, दोन्ही उतरणीला लागली असतील. आधी एक दुरुस्ती. आमच्या जुन्या पिकअपचा नवा क्लच चालू झाला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तो चालू झालेला नाही. आतोबा तसं म्हणाले आणि मी न तपासता लिहिलं, याची तेव्हापासून टोचणी आहे. (मेघा, शेजारधर्म म्हणून आत्याला पत्र वाचून दाखवतेस, आभार. कंसातलं मात्र मनातल्या मनात वाच.)

तुझे यजमान दोन दिवसांसाठी आले, त्याला आज एकोणीस दिवस झाले. बाबांचा डावा गुडघा गेलाय, जुन्या क्लचचं जड पेडल दाबताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून तेलाच्या दाबावर चालणारा हलका क्लच बसवायचा, ही कल्पना आतोबांचीच. कल्पना चांगली होती. (तिथंच थांबायला हवं होतं.) या क्लचच्या नळीत तेल भरून अडकलेली हवा काढावी लागते. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून नळीचा स्क्रू उघडायचा आणि पेडलवरचा पाय उचलायच्या आत तो बंद करायचा, नाहीतर हवा परत आत शिरते. आतोबा स्क्रू बंदच करत नाहीत. त्यांचं म्हणणं, हवा बाहेर जायची तर दार उघडं नको का. (चाळीस वर्षं गॅरेजात फिटर होते म्हणे. बहुतेक गॅरेजच्या दारांचे.)

आणि पेडल कोण दाबतं? बाबा. मी बसते म्हटलं, तर गाडी घरच्या कर्त्याचाच पाय ओळखते, असं उत्तर मिळालं. म्हणजे गुडघ्याला आराम मिळावा म्हणून बाबा रोज सकाळी शंभर-सव्वाशे वेळा पेडल दाबतात. खालून "दाब, केशव", वरून "दाबलं, दाजी". समोरच्या मीनाभाभी त्या तालावर पोळ्या लाटतात. बिट्टन मार्केटचे भाजीवाले, ज्यांचा माल आपली गाडी नेते, ते "भैया, गाड़ी बनी कि नहीं" विचारून थकले आणि दुसऱ्याकडे गेले.

काल बाबा पेडलवरून उठले ते दाराला धरून. म्हणाले, "राहू द्या दाजी. सतरा तारखेला भंगारवाल्याला बोलावलंय."

गाडीखालून आवाज आला, "तोवर जाते की हवा."

तुझी,
शमिका

ता. क. तुमचा एकुलता एक फोन आतोबांच्या खिशात आहे, म्हणून पत्र. त्यांना पंधरा तारखेच्या शनिवारपर्यंत घरी बोलावून घे. कारण काहीही सांग. फक्त घरात काही बिघडलंय असं सांगू नकोस, मला तुझ्या घराची काळजी आहे.

आणखी एक. त्यांची चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात ती चित्रासकट आहे. तरी मी गप्प बसले. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबा तयार नव्हते, तेव्हा आतोबांनी कामावर खाडा करून मला सायकलवरून शाळेत नेलं आणि फॉर्मवर पालकाच्या जागी स्वतःचा अंगठा उठवला. त्या माणसाला, तुमचं चुकतंय, बाहेर या, असं माझ्या तोंडून निघत नाही. ते समोर नसतील तर स्क्रू मी धरीन. पेडलला मीनाभाभी तयार आहेत. रविवारी, १६ फेब्रुवारीला, सकाळी सात वाजता.